मलब्याची वीट आणि रेजाची हजेरी

(भिलाई येथे रेल्वे व डाक कामगारांच्या सभेत शाखा सचिवांनी केलेले भाषण)



महागाई भत्त्यावर किंवा पेन्शनवर बोला असे मला सांगितले असते तर तयारी करावी लागली नसती. पण शाखेने या वेळी विषय दिला तो विटेचा. जुनी बांधकामे पाडून जो मलबा निघतो, ज्याला आपल्या मराठी कागदपत्रांत राडारोडा म्हणतात, त्यापासून नव्या विटा होतात का, होत असतील तर आपण त्या वापराव्यात का, आणि संघटनेने या भानगडीत पडावे का. मी मॅट्रिक झालेला माणूस, इंजिनिअर नाही. पण नोकरीची सुरुवातीची वर्षे आय.ओ.डब्ल्यू.च्या हाताखाली खलाशी म्हणून काढली. पुढे त्या पदाला सेक्शन इंजिनिअर वर्क्स म्हणू लागले, काम तेच आहे. त्यामुळे वीट, वाळू, सिमेंट आणि ठेकेदार या चार वस्तू मी जवळून पाहिल्या आहेत.

मागे एका कॉलनीत जुन्या क्वार्टरांची एक ओळ पाडली. कॉलनीचे नाव घेत नाही, तुमच्यापैकी निम्म्यांना ते ठाऊक आहे. पाडण्याआधी रीतीप्रमाणे रिलीज्ड मटेरियलची यादी झाली. दारे किती, चौकटी किती, लोखंडी गज किती, पत्रे किती, सगळे मोजून लिहिले. त्या मालाची किंमत अंदाजपत्रकातून वजा झाली. आणि जो सगळ्यात मोठा ढीग, विटांचे तुकडे, स्लॅबचे तुकडे, प्लास्टर, फरशी, त्याच्यासाठी यादीत एक ओळ होती: ठेकेदाराने अमुक लीडच्या आत नेऊन टाकावा. म्हणजे त्याची किंमत शून्य, उलट नेण्याचा खर्च आपल्या अंगावर. ठेकेदाराने तो ढीग कॉलनीमागच्या नाल्याच्या काठाला लोटला. पावसाळ्यात नाला तुंबला आणि खालच्या ओळीतल्या चार घरांत गुडघाभर पाणी शिरले. त्यातले एक घर आपल्या टपाल खात्यातल्या एका पोस्टमनचे, भाड्याचे. त्याच्या मुलीची दहावीची पुस्तके भिजली.

त्या ढिगावर तीन रेजा काम करत होत्या. नागपूर-गोंदियाकडच्या मित्रांसाठी सांगतो, छत्तीसगडात बांधकामावरच्या मजूर बाईला रेजा म्हणतात. त्या हातोडीने स्लॅब फोडून गज काढत होत्या, धड विटा बाजूला रचत होत्या. एकीला विचारले, बाई, हजेरी कुठे लागते? ती हसली. हजेरी कसली साहेब, ट्रॉली भरली की पैसे. मी साहेब नाही हे सांगायचे राहूनच गेले.

या दोन गोष्टी, नाला आणि ती रेजा, माझ्या मनात एकत्र बसल्या आहेत. म्हणून आज बोलायचे कबूल केले.

आता विटेकडे येऊ. जुन्या बांधकामाचा माल नव्यात वापरणे ही काही परदेशातून आलेली कल्पना नाही. आपल्याकडे जुना वाडा उतरवला की सागवानी तुळया, दगड, विटा सगळे पुन्हा बांधकामात जायचे. चुन्यात बांधलेली भिंत असे तेव्हा वीट धड निघायची, कारण चुना सुटतो. सिमेंटमधली वीट निघत नाही, फुटते. आणि फुटलेल्या विटेचेही काम होते. तिची बारीक पूड करायची, तिला सुरखी म्हणत. चुना आणि सुरखी बैलाच्या घाणीत मळून जो गारा तयार व्हायचा, त्यावर कितीतरी जुनी बांधकामे अजून उभी आहेत. माझे वडील गँगमध्ये होते. जुन्या पुलाच्या पिलरचे सांधे दाखवून ते सांगायचे, यात सिमेंटचा कण नाही. नुसता चुना पाण्यात टिकत नाही. भाजलेल्या मातीतली सिलिका त्या चुन्याशी मिळते आणि मग तो पाण्याखालीही घट्ट होतो. फ्लाय ॲशच्या विटेत, म्हणजे राखेच्या विटेत, हेच घडते. सुरखीच्या जागी वीजघराची राख, एवढाच फरक. राख, चुना आणि जिप्सम यांची वीट न भाजता करण्याची पद्धत विशाखापट्टणमच्या भानुमतिदास आणि कालिदास या दोघा शास्त्रज्ञांनी देशभर नेली.

आपली भिलाई तर टाकाऊ मालाचीच नगरी म्हणायला हरकत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून लोखंडाबरोबर स्लॅग निघतेच आहे. एक टन लोखंडामागे साधारण तीनशे-चारशे किलो स्लॅग. तिच्यावर पाण्याचा जोरदार मारा केला की तिची वाळूसारखी कणी होते, ती दळून सिमेंटमध्ये जाते. जामुलचा सिमेंट कारखाना इथे आला तो काही देखाव्यासाठी नाही. दुसरीकडे वीजघरे. आपल्या देशातल्या कोळशात राख फार. शंभर किलो जाळला तर तीस-चाळीस किलो उरते. तो कोळसा वॅगनीत भरून आपणच आणतो. म्हणजे स्लॅग, राख आणि मलबा, तिन्ही ढिगांशी आपला संबंध आहे.

साधी लाल वीटही फुकट होत नाही. हजार विटांना तीन टनांच्या वर माती लागते, आणि ती शेताच्या वरच्या थरातली, जिथे धान पिकते. लाख विटा भाजायला पंधरा ते वीस टन कोळसा जातो. छत्तीसगडात भाताचा भुसाही जाळतात. म्हणून सरकारने १४ सप्टेंबर १९९९ ला राखेबद्दल अधिसूचना काढली आणि वीजघराच्या आसपासच्या वीटभट्ट्यांना राख वापरणे बंधनकारक केले. पुढे त्यात बऱ्याच वेळा बदल होऊन अंतर वाढत गेले. मलब्यासाठी नियम यायला मात्र २०१६ साल उजाडले.

मलब्याची वीट होते कशी? आधी छाटणी. गज एकीकडे, लाकूड-प्लॅस्टिक एकीकडे, माती एकीकडे. काँक्रीटचे तुकडे वेगळे, विटांचे तुकडे वेगळे. मग ते क्रशरमध्ये फोडायचे, चाळायचे. मोठी खडी रस्त्याच्या थराला किंवा साध्या काँक्रीटला जाते. बारीक चुरा धुऊन वाळूच्या जागी घेतात. त्यात सिमेंट, राख घालून, पाण्याचा अंश सांभाळून, मशीनमध्ये दाबून वीट किंवा ठोकळा काढतात. भाजायचे नाही. निदान दोन आठवडे त्यावर पाणी मारायचे. पूर्ण ताकद यायला अठ्ठावीस दिवस धरावेत. सिमेंट लागते, आणि सिमेंट करायलाही कोळसा जळतो, हे विसरू नये. मलब्याची वीट म्हणजे धुतल्या तांदळासारखी स्वच्छ असे कोणी सांगत असेल तर तो माल विकायला आला आहे असे समजा.

आता यातली खरी गोम. लोकांना वाटते मशीन चांगली असली की वीट चांगली. मी चार ठिकाणी जाऊन पाहिले, मिस्त्री लोकांना विचारले. सगळे एकच सांगतात: मशीन कोणतीही आणा, छाटणी बिघडली की वीट बिघडली. मलब्यात चिकणमाती राहिली तर ती चुऱ्याला लपेटून बसते, सिमेंट धरत नाही. लाकडाचे तुकडे राहिले तर कुजतात आणि पोकळी होते. फॉल्स सीलिंगचे पी.ओ.पी. मिसळले तर त्यातले जिप्सम सिमेंटशी खेळ करते, ओल मिळाली की फुगते, वीट तडकते. म्हणूनच भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत भेद केला आहे. निव्वळ काँक्रीट फोडून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये पंचवीस टक्के आणि गजाच्या काँक्रीटमध्ये, तेही एम-२५ पर्यंतच, वीस टक्के चालेल. विटा-प्लास्टर मिसळलेली खडी मात्र फक्त कच्च्या, भरावाच्या काँक्रीटमध्ये. म्हणजे तोच ढीग छाटला तर त्याचा भाव वेगळा, न छाटता उचलला तर वेगळा. आणि छाटणी पाडण्याच्या जागीच व्हायला हवी. एकदा डंपरमध्ये सगळे एकत्र पडले की देवालाही ते वेगळे करता येणार नाही.

एक गोष्ट तर प्रत्येक रेल्वे कॉलनीत लिहून लावावी अशी आहे. जुन्या क्वार्टरांवर, सायकल स्टँडवर, मालधक्क्याच्या शेडवर ॲसबेस्टॉसचे पत्रे आहेत. आपण त्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो. तो फोडायचा नाही, क्रशरमध्ये तर कधीच टाकायचा नाही. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, छातीत मात्र जातात आणि पुढे वीस-तीस वर्षांनी कॅन्सर होऊन बाहेर येतात. पत्रा भिजवून, अख्खा उतरवून, वेगळा ठेवायचा. बाहेर मी काय पाहतो? हातोडा मारून पत्रे खाली पाडतात आणि पोरे त्यावर नाचतात.

भिलाईकरांनी स्लॅगबाबतही जपावे. झोतभट्टीची स्लॅग वेगळी आणि पोलाद करताना निघणारी स्लॅग वेगळी. दुसऱ्या प्रकारात न मिळालेला चुना राहतो. तो महिनोन्‌महिने पाणी पीत फुगत राहतो. ती उघड्यावर मुरवल्याशिवाय घराच्या फरशीखाली घातली तर फरशी वर उचलली जाते. स्वस्तात भराव मिळतो म्हणून कोणी ट्रक आणून देत असेल तर आधी कुठली स्लॅग ते विचारा.

हे मी कोणत्या तोंडाने सांगतो? मी स्वतः फसलो आहे. निवृत्तीनंतर राहायला म्हणून छोटा प्लॉट घेतला, कंपाउंडची भिंत आणि एक खोली बांधायला काढली. एका विक्रेत्याने राखेच्या विटा लाल विटेपेक्षा स्वस्तात दिल्या. मे महिना होता, मला घाई होती. ट्रॉली आली तेव्हा विटा अजून ओलसर होत्या, चार-पाच दिवसांच्या असाव्यात. मिस्त्री म्हणाला, दादा, पंधरा दिवस थांबू. मी म्हणालो, माझी रजा संपते. भाजलेली वीट आकसत नाही, न भाजलेली वीट वाळताना आकसते. हे मला माहीत नव्हते, त्याला माहीत होते. पावसाळ्याआधीच खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्या. पावसात तर कंपाउंडचा खालचा थर बोटाने खरवडता येऊ लागला, त्यात सिमेंट किती घातले होते कोण जाणे. बायको म्हणाली, युनियनच्या माणसाला कुणी फसवत नाही असे तुम्ही म्हणत होता. भिंत उतरवली. तिचा मलबा झाला.

त्यानंतर मी घरातल्या घरात करायच्या तपासण्या शिकलो. ट्रॉलीतून मधल्या, कुठल्याही पाच विटा काढा, विक्रेता हातात देईल त्या नव्हे. दोन विटा एकमेकींवर वाजवा, खणखणीत आवाज यावा, बद्द नको. खिळ्याने ओरखडा काढा, खोल जाऊ नये. कमरेच्या थोडे वरून टणक मातीवर पाडा, फुटू नये. या झाल्या मिस्त्रीच्या तपासण्या. खरी तपासणी पाण्याची. कोरडी वीट वजन करा, चोवीस तास बादलीत बुडवून ठेवा, बाहेर काढून पुसा, पुन्हा वजन करा. मानकाप्रमाणे साध्या विटेत वीस टक्क्यांहून जास्त वाढ नको. तीन किलोची वीट तीन किलो सहाशे ग्रॅमच्या आत राहिली पाहिजे. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, भाजीवाल्याचा काटा पुरतो. पोस्टात तर पार्सलचा काटा रोजच्या हाताखालचा, तेव्हा डाक विभागाच्या मित्रांना ही कला शिकवायला नको. दाबाची तपासणी मात्र कॉलेजच्या किंवा सरकारी प्रयोगशाळेतच करावी लागते. सगळ्यात हलक्या वर्गाच्या विटेनेही दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पस्तीस किलो भार सोसला पाहिजे. घर बांधताना हजारो विटा घेतो, तर एक रिपोर्ट मागायला लाजू नये.

हे सगळे कुठे चालले आहे का? दिल्लीत बुराडीला २००९ साली देशातला पहिला मोठा प्रकल्प सुरू झाला. त्या मलब्याचे ठोकळे सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारित इमारतीत लागले आहेत. आपल्या महाराष्ट्रात नवी मुंबईला २००२ च्या सुमारास सिडको आणि युवा संस्थेने मिळून राडारोड्याच्या विटांचे छोटे केंद्र काढले होते, ते फार वर्षे टिकले नाही. आता मुंबई महापालिकेने डायघर आणि दहिसरला मोठे प्रकल्प उभे केले आहेत. २८ ऑगस्ट २०२२ ला नोएडातले ते दोन उंच मनोरे स्फोटाने पाडले, टीव्हीवर सगळ्यांनी पाहिले. सुमारे ऐंशी हजार टन मलबा निघेल असा अंदाज होता. मनोरे पडायला काही सेकंद लागले, ढीग उपसायला महिने. ते महिने टीव्हीवर कोणी दाखवले नाहीत.

जगातही हे काम बायकांच्याच वाट्याला आले आहे. १९४५ नंतर जर्मनीची शहरे बॉम्बने जमीनदोस्त झाली होती. तिथे बायका रांगेने उभ्या राहून हातोडीने विटांचा गारा काढत आणि पुढे देत. त्यांना तिकडे आजही आदराने आठवतात, पुतळे उभे केले आहेत. इथल्या रेजेला हजेरीचे कार्डसुद्धा नाही.

म्हणून मी म्हणतो की विटेचा प्रश्न आणि मजुरीचा प्रश्न एकच आहे. ज्या छाटणीवर विटेची ताकद ठरते ती छाटणी ज्या हातांनी होते, त्यांना ट्रॉलीवर पैसे दिले तर त्या ट्रॉली भरतील, छाटणार नाहीत. आणि का छाटावे? दिवसाची मजुरी, बसायला सावली, प्यायला पाणी मिळाले तर छाटतील. त्यातही काँक्रीटची धूळ. तिच्यात सिलिका असते. ती सुरखीत गेली की भिंत घट्ट करते, फुप्फुसात गेली की फुप्फुस घट्ट करते. सिलिकोसिस झाला की बरा होत नाही. तोंडाला बांधलेला पदर मोठी धूळ अडवतो, खरी घातक बारीक धूळ आरपार जाते. उपाय महाग नाही: फोडण्याआधी आणि फोडताना पाणी मारायचे, आणि चांगला मास्क द्यायचा. पाण्याचा टँकर एक दिवस उभा करायला ठेकेदार कुरकुरतो, कारण टेंडरमध्ये तो आयटमच नाही.

नियम आहेत, नाहीत असे नाही. २०१६ च्या नियमांनी सांगितले की दिवसाला वीस टन किंवा एका कामात महिन्याला तीनशे टन मलबा काढणाऱ्याने तो वेगवेगळा करून ठेवावा. सरकारी आणि पालिकेच्या कामांत दहा ते वीस टक्के माल मलब्यापासून केलेला घ्यावा, दर्जा तपासून. नवे नियम एप्रिल २०२५ मध्ये निघाले, त्यांची अंमलबजावणी १ एप्रिल २०२६ पासून ठरवली आहे. त्यांत वीस हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामांवर उत्पादकाची जबाबदारी टाकली आहे. आपल्या क्वार्टरांच्या चार-सहा ओळी त्यात बसतील न बसतील. पण लहान कामांचा मलबा नाल्यात टाकावा असे कुठल्याही नियमात लिहिलेले नाही.

बांधकाम मजुरांसाठी १९९६ चा कायदा होता. बांधकाम खर्चाच्या निदान एक टक्का उपकर, वर्षात नव्वद दिवस काम केलेल्याची नोंदणी, त्यातून मदत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो नव्या संहितांत गेला आहे. संहितांबद्दल आपले भांडण आहे ते आहेच, ते आज इथे काढत नाही. पण नव्वद दिवसांचा दाखला जुन्या कायद्यातही ठेकेदाराशी झगडून मिळवावा लागे, आजही लागतो. ट्रॉलीवर काम करणाऱ्या बाईचे नव्वद दिवस मोजणार कोण?

भिलाईत ठेका मजुराचा विषय निघाला की जुन्या माणसांना पॉवरहाऊस स्टेशन आठवते. १ जुलै १९९२ ला ठेका कामगार तिथे रुळावर बसले आणि गोळीबार झाला, पंधराहून जास्त माणसे गेली. ते रूळ आपले होते, ती माणसे आपल्या कुठल्याच युनियनच्या रजिस्टरवर नव्हती. आपण तेव्हा किती केले आणि किती नाही, यावर मी इथे बोलत नाही. मात्र रेजा आपली सभासद नाही, म्हणून तिचा प्रश्न आपला नाही, असे कोणी म्हटले की मला ते स्टेशन आठवते.

दुसरेही एक चित्र तुम्ही दर वर्षी बघता. दिवाळी झाली, धान कापून झाले की बिलासपूर-जांजगीरकडची कुटुंबेच्या कुटुंबे बोचकी, हंडे, लेकरे घेऊन प्लॅटफॉर्मवर बसतात. उत्तर प्रदेशात, पंजाबात वीटभट्टीवर जातात. आगाऊ रक्कम आधीच घेऊन खाल्लेली असते, ती फेडायला सहा-सात महिने माती थापायची. आमचे टी.टी.ई. बंधू त्यांना जनरल डब्यात ओळखतात. उद्या मातीच्या विटा कमी झाल्या तर शेत वाचेल, कोळसा वाचेल, चांगलेच. पण ही माणसे कुठे जातील, हे विचारल्याशिवाय मी टाळी वाजवणार नाही. मलबा त्यांच्याच राज्यात पडला आहे. तो फोडायला, छाटायला, दाबायला माणसे लागतात. घराजवळ, हजेरीवर, मजुरी ठरवून ते काम मिळाले तर बोचके बांधायला नको.

आपल्या शाखेने एवढे ठरवावे अशी माझी सूचना आहे. जिथे क्वार्टर किंवा इमारत पाडायची आहे तिथल्या टेंडरमध्ये छाटणीचा वेगळा आयटम असावा, दर दिवसाच्या मजुरीवर धरलेला. पाणी मारणे आणि मास्क हे वेगळे आयटम. ॲसबेस्टॉसचे पत्रे रिलीज्ड मटेरियलच्या यादीत स्वतंत्र लिहावेत. मलबा कुठे पोचला त्याची पावती बिलाबरोबर जोडावी. पी.एन.एम.च्या पुढच्या बैठकीत हा मुद्दा मी ठेवणार आहे. काही वरिष्ठ म्हणतील, युनियनचा यात काय संबंध. नाल्याचे पाणी घरात शिरते तेव्हा संबंध येतो, असे मी सांगेन. डाक विभागाच्या बांधवांनीही त्यांच्या इमारतींसाठी हेच मागावे. आणि गँगमधले बंधू, तुम्हीही पाहा. गिट्टी चाळून निघालेला कचरा आणि मोडके काँक्रीट स्लीपर लाइनीच्या कडेला पडून असतात. एकेक स्लीपर अडीचशे किलोहून जड, आणि आतले काँक्रीट घराच्या स्लॅबपेक्षा कितीतरी मजबूत. ते कुठे-कुठे आणि किती पडले आहेत, किलोमीटर नंबर टाकून मला यादी द्या.

ज्यांची निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आली आहे आणि घर काढायचे मनात आहे, त्यांच्यासाठी शेवटचे. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता युनियन ऑफिसच्या अंगणात या. ज्याच्याकडून विटा घ्यायचा विचार आहे त्याच्या पाच-पाच विटा आणा, लाल, राखेच्या, मलब्याच्या, कुठल्याही. चार बादल्या आणि काटा मी ठेवतो. शनिवारी आणून दिल्या तर आदल्या दिवशीच बुडवून ठेवू, म्हणजे रविवारी नुसते वजन करायचे काम राहील.